ऑप्टिनमॉन्स्टर: यातलं काय घ्यावं, काय टाळावं

वेबसाइटवर फॉर्म दाखवून न्यूजलेटरसाठी वाचकांचे ईमेल गोळा करून देणारं ऑप्टिनमॉन्स्टर हे सॉफ्टवेअर २०१३ पासून बाजारात आहे. पॉपअप, खालची पट्टी, कोपऱ्यातून सरकत येणारा फॉर्म, बक्षिसाचं चक्र, सगळं तयार मिळतं. कोडिंग येत नसलं तरी अडत नाही. पण पैसे वसूल होतात ते त्यातल्या मॉन्स्टरलिंक्स या सोयीमुळे.

यात फॉर्म आपणहून अंगावर येत नाही. वाचकाने लेखातली लिंक दाबली तरच उघडतो. स्वतःहून छोटा होकार दिलेला माणूस पुढच्या होकाराला सहसा मागे हटत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी मांडलेलं बांधिलकीचं तत्त्व ते हेच. समजा पाककृतींची साइट आहे. उकडीच्या मोदकांच्या कृतीखाली 'प्रमाणांचा तक्ता छापून ठेवायचाय?' अशी लिंक द्या. फॉर्ममध्ये रकाना एकच, ईमेलचा. फोन नंबर मागितलात की लोक तिथूनच परततात. बटणावर 'सबमिट' नको, 'तक्ता पाठवा' लिहा. त्याच्या वरच 'सोबत दर रविवारी एक नवी कृती येईल' हेही स्पष्ट सांगा. ते लपवलंत तर पहिलंच पत्र स्पॅममध्ये जातं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर गेल्या की जीमेलमध्ये तुमची बाकीची पत्रं पोचणंही अवघड होतं.

एक्झिट इंटेंट, म्हणजे वाचक निघायच्या बेतात आहे हे ओळखून फॉर्म दाखवणं, डेस्कटॉपवर चोख चालतं: माऊस टॅब बंद करायला वर सरकला की फॉर्म येतो. फोनवर माऊसच नाही, त्यामुळे वर स्क्रोल करणं किंवा बॅक दाबणं यावरून अंदाज बांधला जातो. साहित्याची यादी पुन्हा बघायला वर गेलेल्या वाचकालाही पॉपअप आडवा येतो. फोनसाठी वेगळी मोहीम करा आणि तिच्यात फक्त खालची पट्टी ठेवा.

प्रत्येक वाचकासाठी नव्याने सुरू होणारा टाइमर मात्र वापरूच नका. मुदत खरी नसेल तर ती वाचकाची फसवणूक आहे. 'नको, मला पैसे वाचवायचेच नाहीत' असली नकाराची बटणंही त्याच माळेतली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या युक्त्या, सांगितले आहेत. खोटी घाई आणि नकार देणाऱ्याला लाजवणं, दोन्ही त्यात आहेत.

ए-बी चाचणीची, म्हणजे फॉर्मचे दोन नमुने वेगवेगळ्या वाचकांना दाखवून कुठला चालतो ते बघण्याची, सोय उत्तम आहे, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, मथळा किंवा बटण. नोंदणी २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेली हे खात्रीने म्हणायला प्रत्येक नमुन्याला सुमारे ३,८०० वाचक लागतात. दोन दिवसांच्या आकड्यांवर विजेता ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज.

ऑप्टिनमॉन्स्टरच्या योजनांचे दर पेजव्ह्यूंच्या, म्हणजे पानं किती वेळा उघडली जातात त्याच्या, मर्यादेनुसार वाढतात. महिन्याला हजार-दोन हजारच वाचक येत असतील तर चाचणीला पुरेसे आकडेच जमणार नाहीत; तोवर मेलचिंप या न्यूजलेटर पाठवणाऱ्या सेवेचा साधा फॉर्म लेखाच्या शेवटी लावलात तरी भागेल.