मेरिनोचा जोड, मेळ्यातलं थर्मल आणि मनगटावरचा नाडा

मे महिन्यात, पारा 44 वर असताना, मी ग्वाल्हेरच्या दौलतगंजात लोकरीचं बनियन मागितलं. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "भाईसाब, तबियत तो ठीक है?" तरी बिचारा माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेल्या खोक्यातून मेरिनोचा, म्हणजे मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा, एक जोड काढून दिला. पूर्ण बाह्यांचं बनियन आणि पायजमा, 200 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं कापड), 4,800 रुपये. हा अभिप्राय मुख्यतः त्या जोडाचा आहे. तो मी घातला आइसलँडच्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत, दोन-तीन अंशांच्या पाण्याखाली.

आमचं घर कापडातलं. वडील जे. सी. मिलच्या विणकाम खात्यात होते, मी लष्करात साड्या विकतो (फौजेत नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात). डायव्हिंग शिकलो अंदमानात, स्वराज द्वीपला. तिथे पाणी 28-29 अंश असतं आणि 3 मिलिमीटरचा वेटसूटसुद्धा उगाच वाटतो. मुलगी कोपनहेगनला नोकरीला. "बाबा, तुम्ही अजून खरं थंड पाणी बघितलंच नाही," म्हणाली आणि तिकिटं काढून मोकळी झाली.

सिल्फ्रा आहे थिंगवेल्लिर राष्ट्रीय उद्यानात, उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट जिथे एकमेकांपासून सरकतायत तिथे. लांगयोकुल हिमनदीचं पाणी लाव्हाच्या खडकातून कित्येक वर्षं झिरपत येतं, म्हणून इतकं नितळ, की शंभर मीटरपलीकडचं दिसतं. पण तिथे डाइव्ह करायची तर ड्रायसूट लागतो आणि तो वापरण्याचं प्रमाणपत्र किंवा अनुभवही. म्हणून आधी तिथेच छोटा कोर्स केला.

थंडीचं आम्हाला काय सांगता, असा माझा तोरा होता. जानेवारीत आमच्याकडेही पहाटे दोन-तीन अंश होतात, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात. पण हवेतले दोन अंश वेगळे आणि पाण्यातले वेगळे. पाणी अंगातली ऊब हवेच्या साधारण 25 पट वेगाने ओढून नेतं. वेटसूटमध्ये पाण्याचा पातळ थर आत शिरतो आणि ऊब धरायचं काम निओप्रीनमधले (सूटच्या फुगीर रबरातले) बारीक बुडबुडे करतात. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात आणि सूट पातळ पडतो. ड्रायसूटमध्ये गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्टी असते, पाणी आत येतच नाही. मला दिलेला सूट मात्र तीन पदरी नायलॉनचा, रेनकोटाचा मोठा भाऊ. त्याला स्वतःची ऊब शून्य. ऊब आतल्या कपड्यांची, आणि कपड्यांची ऊब म्हणजे त्यांनी धरलेली हवा.

हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही, म्हणून पहिल्या दिवशी कोर्सच्या तळ्यात घरचं जुनं सुती थर्मल घालून उतरलो. काठावर सूट चढवतानाच घामाघूम. सुताने तो घाम प्यायला आणि धरून ठेवला. दहा मिनिटांत पाठीवर कुणी ओला पंचा टाकल्यासारखं झालं. सुती थर्मल ग्वाल्हेरच्या रजईखाली उत्तम. पाण्याखाली नको.

दुसऱ्या दिवशी सिल्फ्रात मेळ्यातला जोड. आमचा ग्वाल्हेरचा मेळा 1905 पासूनचा, माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला. दर हिवाळ्यात घरातली गरम कपड्यांची खरेदी तिथेच. एका स्टॉलवाल्याने 'प्युअर वूल' म्हणत 900 रुपयांना हा जोड गळ्यात मारला होता. घरी येऊन मी शिवणीतला धागा काढला आणि काडी लावली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो, राख चिमटीत चुरते. इथे धागा वितळला आणि काळा टणक मणी झाला. सरळसरळ ॲक्रिलिक. फसवलं मला, तेही धंद्यातल्या माणसाला! पण प्रामाणिकपणे लिहितो: फसवणूक ऊबदार निघाली. ॲक्रिलिक पाणी पीत नाही, आतून लव जाड, त्यामुळे पस्तीस मिनिटं निभावली. वर आल्यावर अंगाला जो वास येत होता, त्याबद्दल मुलीला विचारा.

त्याच डाइव्हला आणखी एक शिकलो. खाली जाताना छातीवरचं बटण दाबून सूटमध्ये हवा सोडायची असते. मी व्यापारी माणूस, काटकसरीने सोडली. सूट अंगाला आवळला, आतला जाड पॅडेड कपडा पापडासारखा चपटा झाला आणि थंडी थेट हाडांत. बटण दोनदा दाबलं, कपडा फुगला, ऊब परत. पिंजाऱ्याकडून रजई पिंजून आणल्यावर होतं तेच.

तिसऱ्या दिवशी मेरिनो. आणि त्याच दिवशी नाडा. निघताना आत्याने कुलदेवतेच्या पूजेतला लाल नाडा उजव्या मनगटाला बांधला होता. "परत येईपर्यंत काढू नकोस हं." दोन दिवस मी तो कोपराकडे सरकवून ठेवला, तिसऱ्या दिवशी तो घसरून रबरी पट्टीखाली आला. सुताला पाणी कसं चढतं हे दिव्याची वात लावणाऱ्याला सांगायला नको. पाचव्या मिनिटाला मनगट ओलं, पंधराव्याला बाही कोपरापर्यंत भिजलेली. मेरिनोची खरी परीक्षा इथे झाली. हात गार पडला, पण तो सुती गारठा नव्हता. भिजलेल्या बाहीतही थोडी ऊब होती. अंगाचा बाकी भाग तर कोरडाच वाटत होता. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. अनुभवलं त्या दिवशी.

नाडा मी शेवटी कापला. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

जोडातले दोष: गळा फार उंच, तो रबरी पट्टीखाली जातो, आत दुमडावा लागतो. बाह्याही लांब, दर वेळी मनगटाच्या वर सारायच्या. कोपराजवळचं कापड आत्ताच विरळ दिसतंय. आणि गरम पाण्यात धुऊ नका. आमच्याकडे पायजमा एका धुण्यात चार बोटं आखडला.

बोटांसाठी मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. भाड्याचे हातमोजे 5 मिलिमीटरचे, पण ओले, पाणी आत येणारे. वीस मिनिटांनी मला छातीवरचं बटण बोटांना लागेना, नजरेने शोधावं लागलं. हे गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे. पुढच्या वेळी कोरडे हातमोजे, कितीही महाग पडोत. शिवाय सूट चढवण्याआधी लघवीला जाऊन या, नक्की जाऊन या. गार पाण्यात ती भावना दुप्पट होते आणि झिप पाठीवर असते.

मेरिनोला पाचपैकी चार. मेळ्यातला जोड मुलीने स्वतःकडेच ठेवून घेतला. कोपनहेगनच्या हिवाळ्यात सायकलवरून ऑफिसला जाताना घालते. येत्या मेळ्यातून तिला अजून दोन हवेत, म्हणते, तेच 'प्युअर वूल'वाले.