साठीनंतरची ताकद: नुसतं चालणं, रबरी पट्टा, डंबेल की मशीन?

हाताची घडी छातीवर घाला आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा. पाच-सहा वेळा उठताना धाप लागली, पुढे झोका द्यावा लागला, तर रोज चालत असूनही मांड्या अशक्त झाल्या आहेत, असं समजा.

चालणं सोडू नका. हृदय, रक्तदाब, साखर, झोप, सगळ्यांना ते मानवतं. पण वय वाढतं तसे झटकन ताकद लावणारे स्नायुतंतू आधी झिजतात. ठेच लागली की सावरायला नेमके तेच लागतात आणि सपाट रस्त्यावर त्यांना फारसं काम पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाशिवाय दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते (२०२०).

रबरी पट्टा सुरुवातीला उत्तम. हात, खांदे, पाठ यांना पुरतो, प्रवासातही नेता येतो. पायांना मात्र काही महिन्यांत हलका वाटू लागतो, आणि ताण नेमका किती वाढला ते कळत नाही. चिरा पडलेला पट्टा फेकून द्या, तो तुटून तोंडावर बसतो.

डंबेलमध्ये वजन मोजून, किलो-अर्धा किलोनं वाढवता येतं आणि उभ्यानं उचलताना तोलाचाही सराव होतो. माझा कौल डंबेललाच. अट एकच, पहिले काही आठवडे जाणकारानं समोर उभं राहून शिकवावं.

तोल फारच जात असेल, तर मशीन बरी. पाठीला टेकू असतो, पायांवर जास्त भार निर्धास्त घेता येतो. पण तोलाचा सराव वेगळा करावा लागतो.

काहीही निवडा, शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेली पाहिजेत. 'आता या वयात काय' म्हणणाऱ्यांनी बोस्टनचा १९९० चा अभ्यास आठवावा. शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या मंडळींनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली आणि मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली!

हृदयविकार, चढा रक्तदाब किंवा ठिसूळ हाडं असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. उचलताना श्वास कोंडू नका. स्नायू दोन दिवस आंबले तर घाबरू नका, सांधा ठणकत राहिला तर उचलायचं वजन कमी करा.