व्हर्च्युअलबॉक्स: डिस्क वाढते, पण मशीनला पत्ता नसतो

एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक (‘मशीन’) चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, म्हणून अभियांत्रिकीच्या प्रॅक्टिकलपासून छोट्या ऑफिसातल्या टेस्टिंगपर्यंत सगळीकडे तेच दिसतं. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची पुन्हा परत जाता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घेणं तर इतकं सोपं की लोक सढळ हाताने घेत सुटतात. तक्रार आहे ती एकाच जागी. स्नॅपशॉट असलेल्या मशीनची डिस्क वाढवायला गेलं की हे सॉफ्टवेअर अडवत नाही, काम फत्ते झाल्याचं दाखवतं, आणि आत मात्र काहीच बदललेलं नसतं.

समजा उबंटूचं मशीन आहे, २० जीबीची व्हीडीआय फाइल (मशीनची डिस्क साठवणारी) आणि तिच्यावर दोन स्नॅपशॉट. व्हर्च्युअलबॉक्सचं कमांड-लाइन साधन व्हीबॉक्समॅनेज, त्याची ‘मॉडिफायमीडियम’ कमांड मूळ फाइलवर चालवली, ‘रीसाइझ’पुढे ८१९२० (म्हणजे ८० जीबी) लिहिलं, टक्के शंभरपर्यंत गेले. मशीन सुरू करून डिस्कची यादी दाखवणारं ‘एलएसबीएलके’ मारलं तर डिस्क २० जीबीचीच. मग माणूस पार्टिशनच्या मागे लागतो आणि तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

कारण साधं आहे. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी मूळ फाइल गोठते. त्यानंतरचं सगळं लेखन ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमधल्या, महिरपी कंसात लांबलचक यूयूआयडी (ओळख क्रमांक) असलेल्या डिफरन्सिंग, म्हणजे फक्त बदल साठवणाऱ्या, फाइलमध्ये जातं. दुसरा स्नॅपशॉट घेतला की तीही गोठते आणि तिसरी फाइल जन्माला येते. यातली प्रत्येक फाइल आपली क्षमता आपल्याच हेडरमध्ये बाळगते, आणि मशीन विचारतं ते फक्त साखळीच्या टोकाच्या फाइलला. तुम्ही वाढवली बुडाची फाइल. टोकाची फाइल अजून २० जीबीच सांगते. खात्री करायची तर मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये जोडलेल्या फाइलचं नाव बघा आणि तिच्यावर ‘शोमीडियमइन्फो’ चालवा. ‘पॅरेंट यूयूआयडी’पुढे ‘बेस’ असेल तर ती मूळ फाइल. तिथे दुसरी यूयूआयडी दिसली तर साखळी आहे. खाली ‘कपॅसिटी’ एमबीमध्ये असते.

इथे प्रतिस्पर्धी जास्त प्रामाणिक वाटतात. व्हीएमवेअर वर्कस्टेशन स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवूच देत नाही. हायपर-व्ही चेकपॉइंट (तिथला स्नॅपशॉट) असल्याचं सांगून ‘एडिट’ नाकारतं. क्यूईएमयू आधी आपल्या क्यूकाऊ-टू प्रकारच्या डिस्क फाइलच्या आतल्या स्नॅपशॉटसकट रीसाइझ नाकारायचं. २०२० मधल्या ५.१ आवृत्तीपासून नव्या प्रकारच्या फाइलींसाठी ते नीट जमवून दिलं. व्हर्च्युअलबॉक्सला निदान एक इशारा द्यायला काय हरकत होती?

साखळीतली एकेक फाइल वाढवत जायचा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवला जातो. जमतो, पण एखादी फाइल राहिली की साखळीत दोन मापं होतात, आणि सगळ्या वाढवल्या तरी जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात की आतलं पार्टिशन पुन्हा जुनंच मिळतं. स्नॅपशॉट नकोच असतील तर ते सगळे डिलीट करून, साखळी एकत्र झाल्यावर मूळ फाइल वाढवावी. डिलीट म्हणजे इथे डेटा पुसणं नव्हे, विलीनीकरण आहे. ते होस्टच्या, म्हणजे तुमच्या खऱ्या संगणकाच्या, डिस्कवर मोकळी जागा मागतं आणि वेळ खातं. होस्टवर चार-पाच जीबीच उरले असतील तर सुरूच करू नका. शिवाय ज्या स्नॅपशॉटला दोन फांद्या फुटल्यात तो डिलीट होत नाही. आधी एक फांदी छाटावी लागते.

आमची शिफारस मात्र क्लोनची, म्हणजे मशीनची प्रत काढण्याची. मशीन पूर्ण बंद करा. ‘सेव्ह्ड स्टेट’मध्ये ठेवून हे करू नका. मग क्लोन घेताना ‘फुल क्लोन’ आणि ‘करंट मशीन स्टेट’ निवडा. लिंक्ड क्लोन घेतलात तर तो जुन्या स्नॅपशॉटवरच टेकलेला राहतो, सगळा खटाटोप वाया. मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचे क्रमांक) तेच ठेवायचे असतील तर तसा पर्याय तिथेच आहे, फक्त मग दोन्ही मशीन एकाच वेळी एका नेटवर्कवर चालवू नका. नव्या मशीनला एकच सपाट डिस्क मिळते आणि जुन्या मशीनचे स्नॅपशॉट जागच्या जागी सुरक्षित राहतात. डिस्क व्हीएमडीके प्रकारची असेल तर ‘क्लोनमीडियम’ने तिची व्हीडीआय प्रत काढा, कारण रीसाइझ फक्त व्हीडीआय आणि व्हीएचडीवर चालतं. नुसती फाइल कॉपी-पेस्ट करू नका: यूयूआयडी तीच राहते आणि व्हर्च्युअलबॉक्स ती जोडायला नकार देतं.

आता रीसाइझ. आकडा एमबीमध्ये आणि एकूण क्षमतेचा द्यायचा, वाढीचा नव्हे: ८० जीबी म्हणजे ८१९२०. नुसतं ८० लिहिलं तर त्याला वाटतं डिस्क ८० एमबीची करायची आहे, आणि लहान करणं जमत नसल्यामुळे एरर येते. ती एरर बघून फाइल बिघडली असं समजू नका.

डिस्क वाढली तरी पार्टिशन आपोआप वाढत नाही. उबंटू सर्व्हरच्या नेहमीच्या एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणाऱ्या) मांडणीत आधी ‘ग्रोपार्ट’ (डिस्कचं नाव एसडीए आणि पार्टिशनचा नंबर ३ यांच्यामध्ये जागा सोडून, इथेच बहुतेकांची चूक होते), मग ‘पीव्हीरीसाइझ’, मग ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘आर’ पर्याय देऊन सगळी मोकळी जागा. त्या ‘आर’मुळे फाइलसिस्टीमही सोबत वाढते. एलव्हीएम नसेल आणि फाइलसिस्टीम ईएक्सटी-फोर असेल तर ग्रोपार्टनंतर ‘रीसाइझटूएफएस’. एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’, आणि त्याला डिव्हाइस नाही, माउंट पॉइंट द्या. जुन्या डेबियनमध्ये पाचवं पार्टिशन दुसऱ्या एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असतं. आधी दुसरं वाढवल्याशिवाय पाचवं हलत नाही.

विंडोजमध्ये वेगळंच दुखणं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवी जागा दिसते, पण ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसट, कारण सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘रीएजंटसी’ने रिकव्हरीची सोय डिसेबल करा, ‘डिस्कपार्ट’ने ते पार्टिशन ‘ओव्हरराइड’ लावून काढा, सी वाढवा, मग ‘रीएजंटसी’नेच ती पुन्हा इनेबल. डिस्कपार्टमध्ये डिस्क आणि पार्टिशनचा नंबर दोनदा वाचा, तिथे ‘अनडू’ नाही. हे नको वाटलं तर जीपार्टेडची लाइव्ह आयएसओ जोडून ते पार्टिशन टोकाला सरकवता येतं.

नवं मशीन चारदोन दिवस चालवून बघा, मगच जुनं काढा. काढताना ‘रिमूव्ह ओन्ली’ निवडलंत तर मशीन यादीतून जातं, पण व्हीडीआय आणि सगळ्या डिफरन्सिंग फाइली होस्टवर तशाच जागा अडवून बसतात. जागा हवी असेल तर ‘डिलीट ऑल फाइल्स’ निवडा.