बाथरूमचं पाइपिंग वर्कशॉपात जोडून आणलं, एक पावसाळा झाल्यावरचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीच्या बाजूला आमची बिल्डिंग झाली, पार्किंगवर सहा मजले, आणि तिच्यात बाथरूमचं सगळं पाइपिंग साइटवर न करता शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात जोडून, फ्रेमवर बसवून आणलं. लोक राहायला आले, एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरची थंडी गेली, म्हणून आता लिहितोय. हँडओव्हरच्या दिवशी सगळंच चांगलं दिसतं, त्याला काय अर्थ नाही.

फायर लाइनचं, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या पाइपचं काम असं बाहेर कापून, वेल्ड करून आणायची पद्धत आधीपासून आहेच, आम्ही तेच सीपीव्हीसी (गरम-गार पाण्याचा प्लॅस्टिक पाइप) आणि एसडब्ल्यूआरला (सांडपाण्याचा पाइप) केलं. एका बाथरूमचा एक सेट, म्हणजे गरम-गार लाइन, डायव्हर्टर (पाणी नळाला की शॉवरला ते वळवणारा भिंतीतला कॉक), शॉवर, गीझरचे पॉइंट, फ्लशचा पॉइंट, सगळं जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी चॅनलच्या फ्रेमवर क्लॅम्पनं बांधलेलं आणि वर फ्लॅट नंबरचा टॅग. डक्टमधली (पाइपसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतली) ११० मिमीची उभी लाइन मजल्यागणिक वेगळा तुकडा.

लोक विचारतात मजुरी किती वाचली. वाचली, पण फ्रेम आणि टेम्पोच्या भाड्यात त्यातली बरीच गेली, तेवढ्यासाठी या भानगडीत पडू नका. खरा फायदा टेस्टिंगचा. प्रत्येक सेट वर्कशॉपातच पाणी भरून १० किलो प्रेशरला तासभर ठेवायचा, गेजचा काटा खाली आला की तो सेट बाहेर पडतच नाही. काही सेट तिथं गळाले, बहुतेक पितळी थ्रेडच्या जॉइंटला, आणि तिथल्या तिथं बदलले. हीच गळती टाइल बसल्यावर सापडली असती तर खालच्या फ्लॅटच्या छताला ओल, वरच्याची टाइल फोडा, वॉटरप्रूफिंग परत करा, वर दोन शेजाऱ्यांची भांडणं.

आणि आपल्याकडचा जुलै माहितीय सगळ्यांना. साइटवर पाइप ओला, हात ओले, वर सिमेंटची धूळ, अशात पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं की जॉइंट पकडत नाही नीट. खरं तर पाइप कोरडा पुसून, सोल्युशन लावून, फिटिंगमध्ये घालताना पाव वळसा द्यायचा आणि थोडा वेळ दाबून धरायचं, एवढंच आहे, पण पावसात वाकून काम करणारा पोरगा ते धरत नाही. टेबलावर, कोरड्यात, उभं राहून करणारा धरतो. माणूस तोच असला तरी कामात फरक पडतो हे मी डोळ्यानं बघितलंय.

डायव्हर्टर भिंतीत किती आत बसतो ते माप सगळ्या फ्लॅटमध्ये एकसारखं आलं हे मला लय आवडलं. नाहीतर कुठं बॉडी आत गेलेली, कुठं बाहेर आलेली, आणि टाइलवाला आपल्याला शिव्या घालतो.

आता त्रास. स्लॅब भरताना सेंट्रिंगवाल्यांच्या पायानं स्लीव्ह (पाइप जायला स्लॅबात ठेवलेल्या नळ्या) सरकले आणि एका डक्टात उभी लाइन ओळंब्यात येईना. एसडब्ल्यूआरच्या रबर रिंगच्या जॉइंटला प्रसरणासाठी १० मिमी जागा सोडायची असते, ती काय वाकडेपणा झाकायला नसते, त्यामुळं तिथं कोअर कटिंग, म्हणजे स्लॅबला मशीननं गोल भोक, करावंच लागलं. पुढं काँक्रीट पडताना प्लंबिंगचा माणूस स्लॅबवर उभा ठेवला, मग नाही झालं.

दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. प्लॅस्टर होईपर्यंत बेसिन इकडं घ्या, कमोड तिकडं घ्या चालूच असतं, आणि एकदा सेट तयार झाला की बदल म्हणजे तो सेट वाया. ड्रॉइंगवर फ्लॅटमालकाची सही घेतल्याशिवाय पाइप कापायचा नाही हा नियम आम्ही केला, तो पाळला म्हणून निभावलं. एकसारखी टॉयलेट एकावर एक असतील तरच हे परवडतं, एकट्या बंगल्याला अजिबात नको.

राहायला आल्यावर एकच मोठी तक्रार आली, सकाळी सोलरचं गरम पाणी सोडलं की डक्टात टकटक आवाज. सीपीव्हीसीचा १० मीटर पाइप ३० डिग्रीनं तापला की १८-१९ मिमी लांब होतो, आणि वर्कशॉपानं गरम लाइनचे क्लॅम्पसुद्धा गार लाइनवाणीच घट्ट आवळलेले. क्लॅम्प सैल करून आत रबर घातलं, उभ्या लाइनला मधे एक लूप दिला, आवाज गेला. तुम्ही करत असाल तर हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या.

गळतीची तक्रार बाथरूमची आजवर एकही नाही. सीपीव्हीसी पाइप साधा आयएस १५७७८ या भारतीय मानकाचाच असल्यामुळं उद्या काय झालंच तर कुठलाही प्लंबर दुरुस्त करेल, त्यासाठी वर्कशॉपाकडं धावायला नको. भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक फ्रेमचा मोजायचा टेप लावून फोटो काढलाय आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय, लोक आता ड्रिल मारायच्या आधी तो बघतात.

किचन मात्र पुढच्या साइटलाही जागेवरच करणार. तिथं ओटा, सिंक, प्युरिफायर, प्रत्येक घरातल्या बाईला वेगळ्या जागी पाहिजे असतं, आणि ते तसं मिळालंच पाहिजे.