फ्रॅक्स कॅल्क्युलेटर: सगळं सेम, फक्त देश बदलला

रेटिंग आधीच सांगून टाकते. स्वीडन-डेन्मार्कवाल्यांसाठी ५ पैकी साडेचार, भारतात राहणाऱ्यांसाठी तीन. एकाच टूलला दोन रेटिंग का ते खाली लिहिलंय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रॅक्स हे इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात जॉन कॅनिस आणि त्यांच्या टीमने बनवलेलं ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे, २००८ पासून चालू आहे, फुकट आहे. वय, वजन, उंची आणि थोडे हो-नाहीवाले प्रश्न भरायचे की पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती टक्के ते येतं. आकडे दोन येतात, एक मणका-मनगट-खांदा-खुबा सगळ्यांचा मिळून आणि एक फक्त खुब्याचा. खुब्याचा वेगळा का, तर मनगट प्लास्टरमध्ये घालून माणूस भाजी चिरू शकतो, खुबा मोडला की ऑपरेशन, वॉकर, बेडसोअर्स, आणि वय जास्त असेल तर पुष्कळ जण परत आधीसारखे चालतच नाहीत.

माझी आई ६८ वर्षांची, अंगाने बारीक, मनगट एकदा मोडून झालंय. वर्षातले काही महिने ती बहिणीकडे गोथेनबर्गला असते. तर बहिणीने तिकडे बसून फॉर्म भरला, देश स्वीडन. मी पुण्यात भरला, देश भारत. बाकी एकूण एक उत्तर सेम. तिचा आकडा माझ्या आकड्याच्या कैक पट! बहिणीचा लगेच घाबरून फोन की आईला इकडे डॉक्टरला दाखवते, आणि आई मागून विचारतेय की विमानात बसलं की हाडं ठिसूळ होतात का गं.

तर हा बग नाहीये. फ्रॅक्स मुद्दामच असं बनवलंय. सत्तरच्या वर देशांची वेगवेगळी मॉडेल्स आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात त्या देशातला खुबा मोडण्याचा दर आणि त्या देशातला मृत्यूदर बसवलेला आहे. कारण हे दर देशादेशात इतके वेगळे आहेत की एकच फॉर्म्युला सगळ्यांना लावला तर काहीच्या काही उत्तर येईल. २०१२ साली कॅनिस यांच्याच ग्रुपने ६३ देशांचे आकडे एकत्र केले होते, वयाचा फरक काढून टाकून. दर वर्षी एक लाख बायकांमागे खुब्याची फ्रॅक्चर्स डेन्मार्कमध्ये ५७४, नॉर्वेत ५६३, स्वीडनमध्ये ५३९, ऑस्ट्रियात ५०१. खालच्या टोकाला इक्वेडोर ७३, ट्युनिशिया ५८, दक्षिण आफ्रिका २०, आणि नायजेरिया २. दोन. दोनशे नाही.

मला आधी वाटलं बर्फ असेल, घसरत असतील बिचारे. पण खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर्स घरातच होतात, बेडवरून उठताना, बाथरूमला जाताना, त्यामुळे नुसत्या बर्फावर भागत नाही. मग दूध म्हणावं तर ते उलटंच पडतं, नॉर्डिक लोक जगात सगळ्यात जास्त दूध-चीज खाणाऱ्यांमध्ये आहेत आणि खुबेही त्यांचेच जास्त मोडतात (ज्यांच्या घरी अजून 'दूध पी, हाडं मजबूत होतील' चालू आहे त्यांनी मला रागावू नका). हाडांची घनता? गांबियात मोजून बघितली, तिथल्या बायकांची घनता ब्रिटिश बायकांपेक्षा जास्त नाहीये, कमीच आहे, आणि तरी तिथे खुबा क्वचित मोडतो. ऊन कमी, व्हिटॅमिन डी कमी हे एक कारण सांगतात. उंच माणूस जास्त वरून पडतो, मांडीच्या हाडाची मान (खुब्याजवळचा बारीक भाग) लांब असते हे दुसरं. जमिनीवर उठबस करणाऱ्यांचे पाय आणि तोल चांगले राहतात असाही एक अंदाज आहे, मला तो आवडतो पण अंदाजच आहे. आणि सगळं जीन्सवर ढकलायचं तर बीजिंग बघा. तिथे १९९०-९२ ते २००२-०६ एवढ्या काळात पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये हा दर जवळजवळ पावणेतीन पट झाला, वय अॅडजस्ट करून. दहा-पंधरा वर्षांत जीन्स बदलत नाहीत, राहणीमान बदलतं, चालणं कमी होतं.

आता जे मला खरं खटकलं ते. डेन्मार्कमध्ये प्रत्येक माणसाचा नंबर आहे, प्रत्येक अॅडमिशन सरकारी रजिस्टरमध्ये आहे, खुबा मोडला की मोजला गेलाच. नायजेरियाचा तो २ जुन्या हॉस्पिटल नोंदींवरून आलाय. जो हॉस्पिटलला पोचलाच नाही तो त्या आकड्यात नाहीच. आर्मेनिया, किर्गिझस्तानसारख्या देशात तर नंतर तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे चौकशी केल्यावर कळलं की खुबा मोडलेले बरेच जण अॅडमिट होतच नाहीत. म्हणजे देशादेशातल्या फरकात थोडा भाग हाडांचा आणि थोडा वहीत नोंद झाली की नाही याचा. फरक खोटा आहे असं नाही म्हणत, चांगल्या नोंदी असलेल्या देशांमध्येही तो भरपूर आहे, जपानचा दर स्वीडनपेक्षा कितीतरी कमी आहे आणि जपानी काही मोजायला विसरणारे लोक नाहीत. पण आपल्यासारख्या देशाचा आकडा बघताना हे डोक्यात पाहिजे.

मग भारताचं मॉडेल कशावर बनवलं असेल? सिंगापूरमधल्या भारतीयांच्या खुब्याच्या दरावर! सिंगापूरला फ्रॅक्समध्ये चिनी, मलय आणि भारतीय अशी तीन वेगवेगळी मॉडेल्स आहेत, त्यातला भारतीयांचा फ्रॅक्चर दर उचलला आणि त्याला भारताचा मृत्यूदर जोडला, कारण आपल्याकडे अख्ख्या देशाची नोंदच नव्हती. सिंगापूरचे भारतीय म्हणजे बहुतेक तमिळ, राहायला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये, आणि त्यांच्यावरून विदर्भातल्या शेतात राबलेल्या बाईचा खुबा ठरवायचा. दुसरं काही हातात नव्हतं हे मान्य, पण फॉर्मवर नुसतं 'भारत' दिसतं आणि आपण समजतो भारतात मोजलंय. आपल्याकडे मोजलंय ते हरियाणात, रोहतक जिल्ह्यात, त्याचा पेपर २०१३ ला आला. पन्नाशीपुढच्या एक लाख बायकांमागे वर्षाला १५९, पुरुषांमागे १०५. (हे वय अॅडजस्ट न केलेले आकडे आहेत, डेन्मार्कच्या ५७४ शेजारी ठेवून भांडू नका.)

आणि तो मृत्यूदराचा भाग बहुतेकांना माहीतच नसतो. फ्रॅक्स १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढतं तेव्हा त्या आधीच माणूस जाण्याची शक्यता पण हिशोबात धरतं. ज्या देशात लोक लवकर जातात तिथे मोडायला वेळच कमी मिळतो, म्हणून टक्के कमी येतात. माझ्या आईचा भारतावरचा आकडा कमी दिसतो त्यात थोडा वाटा याचाही आहे. हे कळल्यावर तो कमी आकडा बघून आनंद मानायचा की नाही तेच कळेना.

बरं, स्वीडनमध्ये राहणाऱ्या भारतीय बाईने कुठला देश निवडायचा? यावर तिकडे चक्क अभ्यास झालाय. बाहेरच्या देशात जन्मलेल्या लोकांचा खुब्याचा दर स्वीडनमध्ये जन्मलेल्यांपेक्षा कमी निघाला, राहून जितकी वर्षं होतात तितका हळूहळू वाढतो, पण ४० वर्षांनंतरसुद्धा स्वीडिश लोकांच्या खालीच राहतो. म्हणजे आई काही महिने तिकडे राहते म्हणून तिला स्वीडन लावायचं काहीच कारण नाही, जन्माचा देश जास्त बरोबर. बहिणीला हे पाठवलं तेव्हा कुठे ती शांत झाली. अमेरिकेतल्या मंडळींची वेगळीच गंमत, तिथे एकाच देशात गोरे, काळे, हिस्पॅनिक, आशियाई अशी चार बटणं. आशियाई निवडलं की दर गोऱ्यांच्या जवळपास निम्मा धरतात, आणि त्या आशियाईमध्ये जपानी, पंजाबी, फिलिपिनो सगळे एकाच पोत्यात. यावर बरीच टीका झाली आणि २०२४ मध्ये तिथल्या हाडांच्या संशोधकांच्या टास्क फोर्सने सांगितलं की वंशाची बटणं काढा, सगळ्या अमेरिकेला एकच मॉडेल ठेवा.

फॉर्म म्हणाल तर सोपा आहे. घरात टेप धरून उंची नीट मोजा, आई जी उंची सांगते ती लग्नाच्या वेळची असते. 'आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का' या प्रश्नावर मात्र आम्ही अडकलो. आजी ओसरीवर पडली, परत उठलीच नाही, काही महिन्यांत गेली. एक्स-रे कोणी काढला नव्हता, हाडवैद्याने पट्टी बांधली होती. आता हो लिहायचं का नाही? हा एक प्रश्न आकडा चांगलाच हलवतो, आणि आपल्या पिढीतल्या किती घरांत याचं खात्रीचं उत्तर मिळेल? स्टिरॉइडच्या प्रश्नात पोटात घ्यायच्या गोळ्याच धरायच्या, तीन महिन्यांच्या वर घेतलेल्या, दम्याचा पंप नाही. आणि सोसायटीतल्या फुकट कॅम्पमध्ये टाचेला मशीन लावून 'ऑस्टिओपोरोसिस' लिहून देतात ना, तो आकडा इथे चालत नाही, डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायच्या स्कॅनमधला, मांडीच्या हाडाच्या मानेचाच लागतो. डेक्सा नसेल तर ती जागा रिकामी सोडली तरी उत्तर येतं, हे मला खूप आवडलं, छोट्या गावात डेक्सा मिळायला वणवण असते.

मायनस पॉइंट म्हणजे डायबेटिस टाइप २ विचारत नाही, पडण्याबद्दल काहीच विचारत नाही. हे आणि अजून काही गोष्टी धरून आकडा सुधारायची सोय फ्रॅक्सप्लस नावाच्या नव्या व्हर्जनमध्ये आहे पण तिथे पैसे लागतात. डायबेटिसमध्ये आपला देश एवढा पुढे, आणि नेमका तोच प्रश्न पैशाच्या पलीकडे.

शेवटचं म्हणजे, फ्रॅक्स औषध घ्या की नको घ्या ते सांगत नाही, फक्त टक्के देतं. नेटवर शोधलं की लगेच सापडतं, खुब्याचा ३ टक्के किंवा सगळा मिळून २० टक्के झाला तर औषध. ती रेषा अमेरिकेची, तिथल्या खर्चाच्या हिशोबाने काढलेली. ब्रिटनमध्ये वयाप्रमाणे रेषा बदलते. भारताचा आकडा काढायचा आणि अमेरिकेची रेषा लावायची, मग बऱ्याच बायका उगाच सेफ दिसतात. आणि खुबा किंवा मणका आधीच मोडला असेल तर टक्क्यांची वाट बघायची नसते, सरळ डॉक्टरकडे जायचं.

आम्ही दोन्ही प्रिंटआउट घेऊन गेलो. डॉक्टरांनी स्वीडनवाला बाजूला ठेवला, भारतवाल्यावर 'हा कमी धरतोय असं समजा' म्हणाले, डेक्सा लिहून दिली, आणि मग आईला विचारलं की रात्री झोपेची गोळी घेता का, उठल्यावर चक्कर येते का, बाथरूमला धरायला दांडा आहे का. तिन्हीतलं एकही फ्रॅक्सने विचारलं नव्हतं. गोळी निम्मी केलीय, दांडा बसवायला प्लंबर रविवारी येतोय.