जुन्या घरात एसी: विंडो की स्प्लिट?
मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की महाल-इतवारीतल्या जुन्या घरांतही एसीचा विचार होतोच. विंडो एसी स्वस्त, पण लाकडी खिडकीचे गज कापा, लोखंडी अँगल ठोका, उरलेली फट प्लायने बुजवा. सुतार-वेल्डरचा हा खर्च कोणी आधी सांगत नाही. स्प्लिटचा एक भाग खोलीत, दुसरा (आउटडोअर युनिट) बाहेर; त्यांना जोडणाऱ्या पाइपसाठी जाड भिंतीत भोक पाडावं लागतं. आउटडोअर युनिट गच्चीवर गेलं, तर तांब्याच्या पाइपचे जादा मीटर वेगळे मोजावे लागतात.

वायरिंग दोन्हीकडे सारखंच: दीड टनाच्या एसीला वीजमीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), पक्कं अर्थिंग. इथे काटकसर अजिबात नको. जुन्या वायरी तापून आग लागू शकते.

घर स्वतःचं असेल तर मी स्प्लिटच सांगेन. खिडकी मोकळी राहते आणि कोरड्या उन्हात तिथे कूलर चालवून वीजही वाचते.