हातातला फीटल डॉप्लर: प्रसूतीकक्षासाठी घ्यावा का?

फीटल डॉप्लर म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारे यंत्र. घ्यावा, पण ठोक्यांचा आकडा दिसणारा पडदा असलेलाच. नुसत्या आवाजाचे स्वस्त मॉडेल नको. दोन मेगाहर्ट्झचा प्रोब (पोटावर टेकवायचा भाग) पूर्ण दिवसांच्या पोटावर चांगला चालतो. तीनचा लवकरच्या महिन्यांत बरा.

आधी पोट चाचपून बाळाची पाठ शोधायची, तिथे भरपूर जेल लावून प्रोब टेकवायचा. जेल कमी पडले की नुसती खरखर येते. तेल हा पर्याय नाही.

यंत्राची खरी अडचण वेगळीच आहे. ते आईची नाडीही तितक्याच विश्वासाने दाखवते. ठोके १२० दिसले आणि आईची नाडीही १२० असेल, तर बाळाचे ठोके सापडलेलेच नाहीत असे धरून जागा बदलावी. म्हणून दर वेळी दुसरा हात आईच्या मनगटावर हवाच, ही सवय यंत्रापेक्षा मोलाची. काही यंत्रे आकडा दुप्पट किंवा निम्माही दाखवतात. शंका आली की घड्याळ लावून कानाने मोजा.

निदान एक मिनिट ऐका, कळ ओसरल्यावरही. सक्रिय कळांत दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावताना दर ५ मिनिटांनी. नेहमीचा पल्ला मिनिटाला ११० ते १६० ठोके. कळ संपूनही ठोके खालीच राहिले तर आईला कुशीवर वळवा, डॉक्टरांना लगेच बोलवा.

वायर प्रोबभोवती गुंडाळू नका, प्रोबला जोडलेल्या टोकापाशी तुटते. जादा सेल आणि साधा फिटोस्कोप (बाळाचे ठोके थेट कानाने ऐकायचे साधन) जवळ असू द्या.